अडीनडीचा मुकादम

संगणकाच्या तबकडीकडे वाचण्या-लिहिण्याच्या मागण्यांची रीघ लागते. त्यांचा क्रम लावणारा मुकादम कार्यप्रणालीत असतो. लिनक्सने २००६ साली ‘सीएफक्यू’ हा समन्यायी वाटप करणारा मुकादम नेमला. परंतु नेमलेलाच सापडला नाही तर? तबकडीवरील सारे दप्तर अडून राहावे काय? अशा वेळी ‘नूप’ पुढे येई. लगतच्या मागण्या जोडाव्या, बाकीच्या आल्या क्रमाने धाडाव्या, एवढेच त्याचे ज्ञान. मात्र गाभ्यातच वसलेला असल्याने तो कधी गैरहजर नसे. २०१९ साली ही जुनी मांडणी गेली. तरी आजही नेमलेला मुकादम न मिळाल्यास त्याच्याविनाच काम चालते. आम्हांस ही योजना शहाणपणाची वाटते. अडीनडीच्या सोबत्यात चातुर्याआधी हजेरी पाहावी. काम मंदावेल, पण थांबणार नाही.