एका खिशातून दुसऱ्या खिशात

सरकार विद्यापीठातल्या अणुकेंद्रीय भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना प्रकल्पासाठी अनुदान देतं. त्यातून ते अतिशुद्ध जर्मेनियमचा डिटेक्टर मागवतात. आणि त्या खरेदीवर तेच सरकार 18 टक्के जीएसटी उकळतं! जुलै 2022 पर्यंत सार्वजनिक संशोधन संस्थांना 5 टक्केच कर भरायची सवलत होती, ती काढून घेतली. एक कोटीच्या उपकरणावर पाच लाखांचा कर अठरा लाखांवर गेला. स्वतःचाच पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात घालायचा आणि वाटेत एका प्रयोगाचा गळा घोटायचा, ही कसली राजकोषीय शिस्त? हा निखळ बावळटपणा आहे.

तिकडे 2023 च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं. पाच वर्षांत 50,000 कोटी, म्हणून डंका पिटला. आत डोकावलं तर त्यातले 36,000 कोटी सरकारबाहेरून, उद्योगांकडून वगैरे यायचे! उत्तेजित अणुकेंद्र किती पिकोसेकंद टिकतं हे मोजायला कोणता कारखानदार चेक फाडणार आहे? एक नाव सांगा. पुढे 2025 मध्ये मंत्रिमंडळाने खाजगी उद्योगांच्या संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली, अल्प किंवा शून्य व्याजाने. म्हणजे ज्यांच्या दारात झोळी घेऊन जायचं, त्यांचीच झोळी आधी भरायची. आर्थिक तत्त्वज्ञानाची ही कोलांटउडी बघून हसू येतं, आणि लगेच संताप येतो.

‘असल्या कमी ऊर्जेच्या अणुकेंद्रीय भौतिकीतून मिळतं काय?’ माणसं मिळतात, साहेब! रात्रभर प्रवेगकाच्या बीमवर बसून द्रवरूप नायट्रोजन भरणारी, निर्वात नळीतली गळती शोधणारी, आकड्यांतला गोंगाट ओळखणारी पोरं. तीच पुढे अणुभट्टीवर जातात, कर्करोगाच्या रुग्णालयात किरणोपचाराचं यंत्र सांभाळतात. प्रत्येक विद्यापीठाला प्रवेगक परवडत नाही, एवढं शहाणपण 1984 च्या सरकारला होतं; म्हणून दिल्लीत विद्यापीठांसाठी सामायिक केंद्र उभं राहिलं. देशातली गॅमा डिटेक्टरांची मोठी मांडणी तर चाळीतल्या लग्नाच्या पातेल्यांसारखी मुंबई, दिल्ली, कोलकाता अशी फिरते. इतक्या काटकसरीने जगणाऱ्यांच्या मानेवर कर? आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती महिनोन्महिने रखडलेली?

जीएसटीची ती 5 टक्क्यांची सवलत परत आणायला घटनादुरुस्ती लागत नाही. जीएसटी परिषदेची शिफारस आणि एक अधिसूचना पुरते. काढून घेताना तेवढीच पुरली होती.