आधी दोर, मग हार

शिखर सर केल्यावर सत्कार करणाऱ्या शासनाने चढाईआधीच खर्चाची हमी घ्यावी, असे आमचे ठाम मत आहे. नेपाळने सप्टेंबर २०२५पासून एव्हरेस्टचे वसंत ऋतूतील परवाना शुल्क ११ हजारांवरून १५ हजार डॉलरवर नेले. शेर्पा, प्राणवायू, विमा हे सगळे त्याहून वेगळे.

या वाढीने पहिली संधी महागली. दुसरी तर हातचीच जाईल. मराठवाड्याचे पोलीस शिपाई रफिक शेख २०१४च्या हिमप्रपातामुळे आणि २०१५च्या भूकंपामुळे पायथ्यावरून परतले. अवतीभवती मृत्यूचे थैमान पाहिलेला हा माणूस २०१६मध्ये पुन्हा एव्हरेस्टच्या वाटेवरील खुंबू हिमनदीच्या हिमभेगांवर आडव्या टाकलेल्या शिडीवर काटेरी बुटांनी एकेक दांडी चाचपत गेला आणि माथ्यावर पोहोचला. ती तिसरी खेप होती.

हिंगोलीच्या लेकरांना तिसरी खेप कोण देणार? राज्याच्या आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ मोहिमेतून २०१८मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळांतील पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरीतही आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. तेथील आश्रमशाळांतून निवड, दार्जिलिंगचे गिर्यारोहण प्रशिक्षण आणि अपयशानंतरच्या पुढच्या प्रयत्नाचाही खर्च, यांची तरतूद येत्या जिल्हा वार्षिक योजनेत पालकमंत्र्यांनी करावी.