शाळेच्या झाडाला पैसा मार्चात, पाणी मात्र मे महिन्यात

सोयाबीनचं बी मार्चात घरात आणून ठेवलं तर बिघडत नाही. पण मार्चात कोणी पेरतं का? शाळेतल्या पर्यावरणाच्या कामाला मिळणाऱ्या अनुदानाचं मात्र असंच होतंय. पैसा बहुतेक वेळा आर्थिक वर्ष संपता संपता हाती येतो. 31 मार्चच्या आत खर्च दाखवायचा म्हणून घाईघाईने रोपं आणतात, भर उन्हात लावतात. मग परीक्षा, मग सुटी. आपल्या विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या अखेरीस, म्हणजे 5 जूनच्या पर्यावरण दिनालाही शाळेला कुलूपच. तोवर रोप वाळून जातं. खड्डा तेवढा शिल्लक राहतो आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप.

यात दोष एकट्या मास्तरांचा नाही अन् एकट्या शासनाचाही नाही. शासनाचं वर्ष एप्रिल ते मार्च चालतं, आपलं वर्ष मृगापासून मोजलं जातं. या दोन वर्षांचा मेळ गावाने घालायचा असतो.

ही मेहरबानी नव्हे

सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 22 नोव्हेंबर 1991 रोजी शिक्षणात पर्यावरण हा विषय सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. पुढच्या आदेशाने पहिली ते बारावीचा अभ्यासक्रम राज्यांना लागू करायला सांगितला. म्हणजे तुमच्या पोराला हे शिक्षण मिळणं हा त्याचा हक्क आहे. पण आदेशाने पुस्तक येतं. टाकं, कुंपण, गांडूळखताचा हौद येत नाही. त्यासाठी पैशाच्या वाटा माहीत पाहिजेत.

पैसा कुठून येतो?

पहिली वाट राष्ट्रीय हरित सेनेची. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने ही योजना 2001-02 मध्ये सुरू केली. आपल्या राज्यात तिचं काम सामाजिक वनीकरण विभागाकडे आलं. शाळेत 30 ते 50 मुलांचं पथक, एक प्रभारी शिक्षक आणि वर्षाला आधी 2,500, पुढे 5,000 रुपये, असं तिचं स्वरूप राहिलं. 2021 नंतर केंद्राने हा भाग पर्यावरण शिक्षण कार्यक्रम या नव्या चौकटीत घेतला. तेव्हा जुन्या नावाचा अर्ज लिहिण्याआधी सामाजिक वनीकरणाच्या कार्यालयात विचारून घ्या.

दुसरी वाट समग्र शिक्षा अभियानाची. 2018 पासूनच्या या योजनेत सरकारी शाळांच्या युवा व इको क्लबसाठी प्राथमिकला 5,000, उच्च प्राथमिकला 15,000 आणि माध्यमिकला 25,000 रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली. प्रत्यक्ष रक्कम त्या-त्या वर्षीच्या मंजुरीनुसार कमी होऊ शकते. यासाठी शाळेने वेगळा अर्ज करायचा नसतो. राज्याचा वार्षिक आराखडा मंजूर झाला की रक्कम वाटून येते. त्यामुळे शाळेची यू-डायसमधली माहिती बरोबर भरलेली हवी.

तिसरी वाट तुमच्या हातातली, ग्रामपंचायतीची. 15व्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या 5 वर्षांत ग्रामपंचायतीच्या अनुदानातला 60 टक्के भाग स्वच्छता आणि पाणी यांना बांधून दिला होता. पावसाचं पाणी साठवणं त्यात बसत होतं. 2026-27 पासून 16व्या आयोगाचा काळ आहे. त्याचे निकष ग्रामसेवकांकडून, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून, समजून घ्या. ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या 9 संकल्पनांत जलसमृद्ध गाव, स्वच्छ व हरित गाव आणि बालस्नेही गाव या तीन आहेत. शाळेच्या छताचं पाणी धरणारं टाकं या तिन्हींत बसतं.

शिवाय 2 ऑक्टोबर 2020 पासूनच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात शाळेचं काम ग्रामपंचायतीच्या खात्यात जमा होतं आणि चांगल्या ग्रामपंचायतींना बक्षिसंही आहेत.

अर्जाआधी आराखडा

‘साहेब, शाळेसाठी काही द्या’ या अर्जाला वजन नसतं. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 22 मध्ये स्पष्ट म्हटलंय, की शाळा व्यवस्थापन समितीने केलेला शाळा विकास आराखडा हाच शासनाच्या योजना आणि अनुदानाचा पाया राहील. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे तुम्हीच. आराखड्यात टाकं लिहिलेलं नसेल तर मागायचं कशाच्या आधारावर? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

आराखड्यात मोघम लिहू नका, मोजून लिहा. शाळेचं छत 100 चौरस मीटर आहे, पाऊस 700 मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी 56,000 लिटर पाणी उतरतं. आता गरज बघा. 40 झाडं, प्रत्येकाला आठवड्याला 10 लिटर, मार्च ते जूनचे 16 आठवडे. झाले 6,400 लिटर. म्हणजे परतीच्या पावसात भरून घेतलेलं 10,000 लिटरचं झाकणबंद टाकं पुरतं. असा हिशेब लावलेला कागद तपासणाऱ्याला बाजूला टाकता येत नाही. अन् हाच हिशेब सातवीच्या पोरांनी फळ्यावर मांडला, तर तोच पर्यावरणाचा धडा झाला.

आणखी एक ओळ प्रस्तावात टाकाच: सुटीत पाणी कोण घालणार. नाव ठरवा, ग्रामपंचायतीच्या ठरावात घ्या.

कामाचं पंचांग

दिवाळीच्या आगेमागे समितीची बैठक घेऊन आराखडा पक्का करा. ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा आराखडा ऑक्टोबरपासून ठरायला लागतो. त्या ग्रामसभेत शाळेचं काम नोंदवून घ्या. अनुदान फेब्रुवारी-मार्चात आलं, तर योजनेच्या निकषांत बसेल तसं खड्डे, कुंपण, पन्हाळी, टाकं, खताचा हौद यांवर खर्च करा. रोपं जुलैत, चांगली ओल झाल्यावर. झाडंही आपल्या मातीत तगणारी घ्या: कडुनिंब, करंज, चिंच, बोर, सीताफळ.

हिशेब चोख ठेवा

पुष्कळ शाळांचं दुसऱ्या वर्षाचं अनुदान पहिल्या वर्षाच्या कागदांत अडकतं. ठराव, दरपत्रकं, पक्की बिलं, साठा नोंदवही, कामाआधीचा व नंतरचा फोटो आणि उपयोगिता प्रमाणपत्र एकाच फाइलला लावा. 2021 पासून केंद्र पुरस्कृत योजनांच्या पैशाची पद्धतही बदलली. रक्कम शाळेच्या खात्यात वर्षानुवर्षं पडून राहत नाही. खर्चाची मर्यादा मिळते अन् वापरली नाही तर परत जाते.

आपला काय संबंध?

कोणी म्हणेल, शाळेचं मास्तर बघतील. पण आपला जिल्हा बहुतांश कोरडवाहू. विहिरीचं पाणी मार्चात तळाला जातं, बांधावरची झाडं कमी होत चालली. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे, अन् हरणांनी पीक खाल्ल्याची तक्रारही आपलीच. पाणी, माती, रानातलं जनावर आणि पीक यांचा संबंध ज्या पोराला कळेल, तोच उद्या हे शेत सांभाळणार आहे. कोरड्या खड्ड्यात दर वर्षी नवं रोप बघून मोठा झालेला पोरगा एवढंच शिकतो, की सरकारी काम कागदावर असतं. हे शिकवणं आपल्याला परवडणारं नाही.

तेव्हा येत्या ग्रामसभेत दोन प्रश्न विचारा. शाळा विकास आराखडा कुठे आहे? आणि मे महिन्यात शाळेच्या झाडांना पाणी कोण घालणार? या दोन्हींची उत्तरं इतिवृत्तात आली, की अर्ज लिहायला बसा.