मेजरचा दवाखाना सत्तर किलोमीटरवर

दवाखान्याची पायरी (साप्ताहिक सदर)

‘फौजीला काय बाप्पा, त्याला सगळंच फुकट!’ भोकरदनच्या बसस्थानकासमोर चहा पिताना, बाजार समितीत मक्याची गाडी खाली होईपर्यंत, नाहीतर सोयरिकीच्या बैठकीत हे वाक्य कानावर पडतंच. कॅन्टीन, पेन्शन आणि दवाखाना ही तीन सुखं एका दमात मोजली जातात. बोलणाऱ्याला दोष तरी काय द्यावा? बापाच्या ऑपरेशनसाठी ज्याचं एकरभर रान गेलं, त्याच्या डोळ्यांत दुसऱ्याचा मोफत दवाखाना खुपणारच. आणि हाच माणूस पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर त्याच फौजीला शाल-श्रीफळ द्यायला सगळ्यांच्या पुढे असतो. कौतुक आणि हेवा आमच्याकडे एका घरात सुखाने नांदतात.

हेव्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याचा हेवा करायचा ते एकदा नीट बघून तरी घ्यावं, एवढंच म्हणणं आहे.

निवृत्त सैनिकाचा दवाखाना म्हणजे ईसीएचएस, माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना. 1 एप्रिल 2003 ला ती सुरू झाली. त्याआधी लष्करी रुग्णालयात खाट रिकामी असली तर माजी सैनिकाची सोय व्हायची, नसली तर रामराम. या योजनेने पॉलिक्लिनिकं उघडली, खासगी रुग्णालयांशी करार केले, स्मार्ट कार्ड दिलं. आज देशात चारशेहून जास्त पॉलिक्लिनिकं आहेत आणि लाभार्थी पन्नास लाखांच्या वर. खर्चाला वरची मर्यादा नाही. बायपास, कॅन्सर, गुडघा बदलणं, सगळं तिच्यात बसतं. कागदावर ही देशातल्या चांगल्या योजनांपैकी एक आहे, हे आधीच मान्य करून टाकतो.

फुकट मात्र ती नाही. 2017 नंतरच्या दरांनी शिपायापासून हवालदारापर्यंत 30,000 रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर 67,000 आणि अधिकारी 1,20,000 रुपये एकरकमी भरतात. 1 जानेवारी 1996 पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि वीरपत्नींना माफी आहे. खाटही हुद्द्याप्रमाणेच मिळते. हवालदार जनरल वॉर्डात, सुभेदार निमखासगी खोलीत, अधिकारी खासगी खोलीत. हार्ट अटॅक कुणाचा हुद्दा विचारून येत नाही, पण खाट विचारून मिळते. असो. पैसे ज्याने जास्त भरले त्याला खोली मोठी, असा हिशेब कुणी सांगितला तर त्यावर वाद घालण्यात मी वेळ दवडणार नाही. माझं दुखणं वेगळं आहे, आणि ते किलोमीटरचं आहे.

भोकरदन तालुक्यात पॉलिक्लिनिक नाही. इथला माजी सैनिक छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत जातो. अंतर सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. धावडा, वालसावंगीकडचा असेल तर आधी भोकरदन गाठायचं, मग पुढची गाडी. सकाळच्या एसटीत हे लोक चटकन ओळखू येतात. दाढी घोटलेली, बूट पुसलेले, आणि मांडीवर चेनची प्लास्टिकची पिशवी. पिशवीत स्मार्ट कार्ड, पीपीओची (पेन्शन आदेशाची) झेरॉक्स, डिस्चार्ज बुक, जुने रिपोर्ट, आधारकार्ड आणि दोन पासपोर्ट फोटो. फोटो कशाला लागतात कुणास ठाऊक, पण फौजेत राहिलेला माणूस फोटो घेतल्याशिवाय घर सोडत नाही. शेजारी बायको, तिच्या हातात डबा. दोघांनाही शुगर, एकाला बीपी. महिन्याच्या गोळ्या आणायच्या असतात.

तिथे रांग लागते. डॉक्टर तपासतात, गोळ्यांची चिठ्ठी लिहितात. पाचपैकी तीन गोळ्या मिळतात, दोनांसमोर ‘एनए’ लिहिलं जातं, म्हणजे ती औषधं नाहीत. बाहेरून घ्या, बिल लावा, पैसे येतील. येतातही, पण कधी ते विचारू नये. मोठ्या डॉक्टरला दाखवायचं तर पॉलिक्लिनिकातून रेफरल घ्यावं लागतं. अगदी वयस्कर मंडळींना त्यात काही सवलती मिळाल्या आहेत. रेफरल घेऊन करारातल्या रुग्णालयात जावं, तर काउंटरवरची मुलगी सांगते की ईसीएचएसचं बिल वरून थकलंय, सध्या घेत नाही. परतीच्या गाडीला अजून अवकाश असतो. औषधांचा तुटवडा ही काही नवी कुरकुर नाही. 2015 मध्ये कॅगने या योजनेची तपासणी करून तो नोंदवला होता.

तीन गोळ्यांसाठी दोन माणसांचा अख्खा दिवस जातो. त्यापेक्षा गावातल्या मेडिकलमधून पदरच्या पैशाने गोळ्या घेतलेल्या परवडतात, आणि पुष्कळ जण तेच करतात. योजनेच्या हिशेबात हे दिसत नाही. जो आलाच नाही त्याची तक्रारही नोंदवली जात नाही.

आता रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर? या सदरात 108 रुग्णवाहिकेबद्दल मागे लिहिलं आहे, ते पुन्हा उगाळत नाही. करारात नसलेल्या जवळच्या दवाखान्यात नेता येतं, मनाई नाही. पण पैसे आधी आपण भरायचे, 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं आणि मग बिलांची फाईल करायची. कळवायचं कुणी? मुलगा पुण्यात कंपनीत असतो. म्हातारी आयसीयूच्या दारात बसलेली असते आणि तिला मोबाइलवर फक्त हिरवं बटण दाबता येतं.

2021 मध्ये संरक्षण मंत्रालयाने ‘सेहत ओपीडी’ सुरू केली. घरबसल्या व्हिडिओवर लष्करी डॉक्टर भेटतो. कल्पना चांगली आहे. ज्याच्या घरात कॉलेजात जाणारा नातू आहे त्याला ती उपयोगी पडते. पण पडद्यावरचा डॉक्टर गोळी हातात ठेवत नाही आणि ईसीजीही काढत नाही.

अंतराचा नियम करता येत नाही, असं नाही. अमेरिकेत 2014 मध्ये फिनिक्सच्या माजी सैनिक रुग्णालयात प्रतीक्षा यादी लपवल्याचं उघड झालं आणि मोठं वादळ उठलं. त्याच वर्षी तिथे कायदा झाला की सरकारी रुग्णालय घरापासून चाळीस मैलांहून लांब असेल, तर माजी सैनिकाला गावाजवळच्या खासगी डॉक्टरकडे जाता येईल. चाळीस मैल म्हणजे चौसष्ट किलोमीटर. आपला भोकरदनकर त्या नियमात सहज बसला असता. पुढे 2018 च्या कायद्याने मैल सोडून मिनिटं धरली. साध्या उपचारासाठी सरासरी अर्धा तास गाडीचा, तज्ज्ञाकडे तासभर, त्याहून लांब असेल तर बाहेरचा डॉक्टर. अमेरिकेचं सगळंच आपण उचलावं असं मी कधी म्हणणार नाही. त्यांच्या आरोग्यव्यवस्थेने तिथले लोकच कातावलेले आहेत. पण हक्क मोजायला कार्ड पुरत नाही, रस्ताही धरावा लागतो, एवढी अक्कल त्यांच्याकडून घ्यायला हरकत नसावी.

आपली योजना मात्र छावणी आणि मोठ्या शहरांच्या आसपास फिरत राहिली. छावणी असते तिथे लष्करी रुग्णालय, डॉक्टर, औषधांचं भांडार. सैनिक निवृत्त झाला की तो छावणीजवळ राहत नाही, त्याच्या वाट्याच्या चार एकरांत परत येतो. जिथे पन्नास घरांतून माणसं फौजेत गेली अशी साताऱ्याकडची गावं निदान आवाज तरी करतात. आमच्याकडे एका गावात चार, दुसऱ्यात सात. मोर्चा काढायला माणसं पुरत नाहीत आणि मतांच्या हिशेबातही ती कुठे दिसत नाहीत. नाहीतर पाच वेळा खासदार आणि केंद्रात मंत्री झालेले रावसाहेब दानवे याच तालुक्यातले. वजन नव्हतं असं कसं म्हणावं?

जखमी सैनिकाचं काय करायचं, हा प्रश्न या मातीला जुनाच आहे. भोकरदनपासून वीस किलोमीटरच्या आत, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई आहे. 23 सप्टेंबर 1803 ला इंग्रजांच्या वेलस्लीची फौज आणि शिंदे-भोसल्यांची फौज तिथे भिडली. इंग्रजांकडे 428 ठार आणि 1,138 जखमी झाले. त्यात मद्रासचे देशी शिपाईही मोठ्या संख्येने होते. मराठ्यांकडच्या हानीचा अंदाज सहा हजारांच्या घरात सांगितला जातो. लढाईनंतर वेलस्लीने अजिंठ्याला इस्पितळ उभं केलं, असईपासून चाळीसेक किलोमीटरवर. दोनशे वीस वर्षांपूर्वी, बैलगाडीच्या काळात, परक्या सेनापतीने. यावर मी अधिक बोलत नाही.

निवृत्तांचं हे झालं. नोकरीतल्या जवानाचं कुटुंब ईसीएचएसमध्ये येतच नाही. त्याचा हक्क लष्करी रुग्णालयावर. तोही केव्हा? लग्न झालं की युनिटला कळवायचं, पार्ट टू ऑर्डर निघायची, बायकोचं नाव चढायचं, मग तिचं कार्ड. जवान लेहमध्ये, नवी सून हसनाबादजवळच्या मळ्यात. दिवस राहिले की ती कुठे जाईल? आशाताईबरोबर उपकेंद्रात, नाहीतर भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयात, गावातल्या बाकीच्या बायकांसारखीच. लांब छावणीतल्या लष्करी रुग्णालयात तपासणीला ती दर महिन्याला जाणार नाही आणि सासूही पाठवणार नाही. अडीनडीला खासगीत न्यावं लागलं तर कागद करून खर्च मागता येतो, पण आधी पैसे खिशातूनच जातात. म्हणजे सीमेवरच्या जवानाला रात्री झोप लागायची तर भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ हजर असला पाहिजे. संरक्षण खात्याच्या कुठल्याही अंदाजपत्रकात हा खर्च सापडायचा नाही.

इथेच तो चहाच्या टपरीवरचा प्रश्न येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. ‘फौजीलाच काहून? शेतकरी काय देशाचा नाही?’ प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्राने त्याचं अर्धं उत्तर दिलं आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे आणि छत्र पाच लाखांचं आहे. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान कार्ड आलं. त्यात माजी सैनिकाला ईसीएचएस ठेवायचं की आयुष्मान घ्यायचं, हे निवडता येतं. तेव्हा कार्डांचा दुष्काळ राहिलेला नाही. शेतकऱ्याकडेही कार्ड आहे, फौजीकडेही आहे, आणि दोघंही एकाच एसटीने संभाजीनगरला चालले आहेत. माजी सैनिकाला महिन्याच्या गोळ्या भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयातून मिळाव्यात आणि त्याचं बिल ईसीएचएसने राज्याला चुकतं करावं, अशी सोय केली तर त्या पैशातून तिथली प्रयोगशाळा सुधारेल आणि शेजारच्या शेतकऱ्याचंही रक्त तपासलं जाईल. ही मागणी माजी सैनिकांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून करावी. सध्या आम्ही फक्त एकमेकांची कार्डं मोजतो आहोत.

आणखी एक गोंधळ. गावात खाकी किंवा हिरवा कपडा घातलेला प्रत्येक जण ‘मेजर’ असतो. सीआरपीएफचा, बीएसएफचा, जालन्याच्या राज्य राखीव दलाचा, सगळेच मेजर. सरकारच्या लेखी तसं नाही. सीआरपीएफचा जवान निवृत्त झाल्यावर ईसीएचएसमध्ये बसत नाही, त्याच्या खात्याची सोय वेगळी. छत्तीसगडच्या जंगलात पाय गमावलेला आणि काश्मीरमध्ये पाय गमावलेला, दोघांच्या खिडक्या निरनिराळ्या. गावाच्या नजरेत ते एक आहेत आणि या बाबतीत मला गावाचं पटतं.

पण सगळ्यात मोठी खोट पुढेच आहे. अग्निवीर. जून 2022 मध्ये चार वर्षांच्या नोकरीची ही योजना जाहीर झाली, पहिली तुकडी जानेवारी 2023 च्या सुमारास प्रशिक्षणाला लागली. म्हणजे 2026 च्या अखेरीपासून चार वर्षं पुरी होऊ लागतात. पंचवीस टक्के कायम होतील, बाकीचे सेवानिधीचे व्याजासह सुमारे 11.71 लाख रुपये घेऊन घरी येतील. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस नाही. नोकरीत असेपर्यंत लष्करी रुग्णालय, नंतर काही नाही. शंभर टक्के अपंगत्व आलं तर 44 लाख, पंचाहत्तर टक्क्यांना 25, पन्नासला 15. ज्याचं अपंगत्व टक्क्यांत मावत नाही, म्हणजे तोफेजवळ राहून ज्याचा एक कान हळूहळू बधिर होतोय, ज्याचा गुडघा तिशीत बोलणार आहे, त्याचं काय?

शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, सैलानीच्या पिंपळगाव सराईचा अग्निवीर अक्षय गवते ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. कर्तव्यावर प्राण गेलेला तो पहिला अग्निवीर. नंतर देशभर वाद झाला तो रकमेचा: किती लाख, कुठल्या खात्यातून, कोणी किती सांगितले. अशा घरातल्या आई-वडिलांच्या पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या औषधपाण्याची चर्चा फारशी झाली नाही. संसदेच्या संरक्षण स्थायी समितीने मात्र कर्तव्यावर मरण आलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला नेहमीच्या सैनिकाच्या कुटुंबासारखेच लाभ द्यावेत, अशी शिफारस केली.

अग्निवीराला ईसीएचएस देता येत नाही, कारण त्याला पेन्शन नाही, असं सांगितलं जातं. हे कारण टिकत नाही. 7 मार्च 2019 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने शॉर्ट सर्व्हिस आणि इमर्जन्सी कमिशनच्या अधिकाऱ्यांना, तसंच मुदतीआधी बाहेर पडलेल्यांना ईसीएचएसचं दार उघडलं. पेन्शन त्यांनाही नव्हती. वर्गणी भरा, अटी पाळा आणि या, एवढंच. मग बाविशीतल्या शिपायासाठी तेच दार का बंद? तरुण माणूस पन्नास वर्षं योजनेत राहील, खर्च झेपणार नाही, ही अडचण खरी आहे. तर वर्गणी जास्त घ्या. सुरुवातीला त्याच्या एकट्यापुरतं सभासदत्व द्या, नोकरीशी संबंध लागणारे आजार आधी धरा. 11.71 लाख हातात पडतील त्या दिवशी त्यातून तीस-चाळीस हजार कापायला कुठल्या आईबापाची ना असेल? ते पैसे नाहीतरी बुलेट आणि बोअरवेलमध्ये जाणार आहेत.

पहिली तुकडी घरी यायच्या आत हा आदेश निघायला हवा. एकदा पैसे वाटले गेले की वर्गणी कापायची ती कशातून?