अनुदान जमिनीला की शेतीला?

बंगळूरहून कोलारकडे जाणाऱ्या महामार्गावरचे होसकोटे एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत होते. आज हा तालुका महानगराच्या उंबरठ्यावर उभा असून, चेन्नईकडे निघणारा द्रुतगती महामार्ग येथूनच सुरू होतो. नाचणी, भाजीपाला आणि रेशीम पिकवणाऱ्या या मुलुखात जमिनीला शेत म्हणून येणाऱ्या मोलापेक्षा भूखंड म्हणून येणारे मोल कितीतरी अधिक. साहजिकच, शेतीच्या नावाने निघणारा सरकारी पैसा शेती करणाऱ्याला मिळतो की शेत बाळगणाऱ्याला, हा प्रश्न येथे अधिक टोकदार होतो.

‘पीएम-किसान’ योजनेत वर्षाला 6,000 रुपये तीन हप्त्यांत थेट खात्यात जमा होतात. पात्रतेचा आधार मात्र एकच : महसुली दप्तरातील मालकाचे नाव. दोन हेक्टरची मूळ मर्यादा 2019 मध्येच उठली. प्राप्तिकर भरणारे, सरकारी नोकर, डॉक्टर, वकील वगळले गेले हे खरे. परंतु दुसऱ्याची जमीन कसणाराही त्याच दाराबाहेर राहिला. पीकविम्यात त्याला जागा आहे, पण तेथे कराराचा कागद मागितला जातो आणि तो त्याच्यापाशी नसतो.

तो का नसतो, याचे उत्तर कायद्यात आहे. देवराज अर्स यांच्या काळातील 1974 च्या सुधारणेने कर्नाटकात कुळांना जमिनी दिल्या आणि पुढे जमीन खंडाने देण्यास जवळपास बंदीच घातली. हेतू उदात्त होता. मात्र खंडाचा व्यवहार थांबला नाही, तो तोंडी झाला. 2020 मध्ये राज्याने बिगरशेतकऱ्यांनाही शेतजमीन खरेदीची मुभा दिली. म्हणजे मालकीची दारे खुली झाली, कसणाऱ्याची नोंद मात्र बंदच राहिली.

केवळ मालकीवर विसंबूनही यादी निर्दोष झालेली नाही. सुमारे 42 लाख अपात्र व्यक्तींना जवळपास 3,000 कोटी रुपये गेल्याची माहिती केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जुलै 2021 मध्ये लोकसभेत दिली होती. पुढे डिसेंबर 2024 मध्ये कृषिविषयक संसदीय स्थायी समितीने ही रक्कम 12,000 रुपये करावी आणि खंडकरी व शेतमजुरांनाही तिचा लाभ द्यावा, अशी शिफारस केली. राजकीय चर्चा रंगली ती वाढीव रकमेची. वास्तविक शिफारशीचा दुसरा भाग अधिक मोलाचा होता.

खंडकऱ्यांची यादी करायला घेतली तर बोगस नावे घुसतील, हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. जमीनमालकांची भीतीही खरी आहे : आज नोंद दिली तर उद्या मालकी जाईल. म्हणूनच मालकी अबाधित ठेवून खंडाची नोंद करण्याचा मार्ग निती आयोगाच्या 2016 च्या आदर्श कायद्याने सुचवला होता. ओडिशाने ‘कालिया’ योजनेत खंडकरी आणि भूमिहीनांना सामावूनही दाखवले. अडचण आहे ती इच्छाशक्तीची. मालकाचे मत संघटित असते. तोंडी करारावर जगणाऱ्याचे नसते.

महाराष्ट्राने यात वेगळे काही केलेले नाही. राज्याची 2023 ची ‘नमो शेतकरी’ योजना केंद्राच्याच यादीवर चालते. दिल्लीत नोकरी करणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांची गावाकडची जमीन अर्धेलीने वा ठोक्याने दिलेली असते. हप्ता सातबाऱ्यावरील आई-वडिलांच्या किंवा भावाच्या खात्यात पडतो आणि बियाण्याचा खर्च, पावसाची धास्ती कसणाऱ्याच्या वाट्याला येते. यात बेकायदा काहीच नाही, आणि नेमके तेच चिंतेचे आहे. सातबाऱ्यातील बाराचा नमुना पीक आणि वहिवाट सांगण्यासाठीच आहे. तो खरेपणाने भरला जावा आणि अनुदानाचा हिशेब त्यावरून व्हावा, एवढी मागणी फार मोठी नाही. ती करण्याचे धाडस मात्र मालकांच्या घरातूनच यावे लागेल.