अकरा वर्षे आणि अकरा महिने

बारामती तालुक्यातल्या लोणी भापकर येथील मल्लिकार्जुनाच्या यादवकालीन मानल्या जाणाऱ्या मंदिरासमोर जी पुष्करणी आहे, तिच्या पायऱ्यांवर सायंकाळी जाऊन बसण्याचा परिपाठ मी निवृत्तीनंतर ठेवला आहे. आणि तेथील यज्ञवराहाचे, म्हणजे वराहरूपी विष्णूचे, शिल्प पाहण्यासाठी दूरवरून येणारी सुविद्य मंडळी त्याच्या अंगावरील झुलीत कोरलेल्या विष्णूच्या चिमुकल्या मूर्ती न्याहाळीत शिल्पकाराची आणि त्याला आश्रय देणाऱ्या राजवटीची स्तुती करू लागली, म्हणजे त्या स्तुतीत मनापासून सहभागी होत असतानाही एका तिसऱ्याच माणसाची आठवण मला अस्वस्थ करते. काळ्या पाषाणावर चालणारी पाथरवटाची टाकी फार वेळ धार धरीत नाही. तिचे टोक बोथट झाले की ते पुन्हा भट्टीत घालून, ऐरणीवर ठोकून, पाणी देऊन परत आणावे लागते; पाणी अधिक चढले तर टोक दगडावर तुटते, कमी पडले तर चेपते, आणि तापलेल्या पोलादावर पिवळा, मग तांबूस, मग जांभळा असे जे रंग क्षणाक्षणाने चढत जातात, त्यांतला नेमका कोणता रंग दिसताच हात थांबवायचा, हे ज्याला कळते असा लोहार खाणीपाशी बसल्यावाचून हे मंदिर उभे राहणे शक्य नव्हते. आमच्या गावात वीरगळ आहेत, रणात पडलेल्यांची स्मृती त्यांनी राखली. त्या वीरगळांवरचे घोडे ज्या टाकीने कोरले गेले, ती टाकी पाजवून देणाऱ्याची स्मृती मात्र कोणत्याही शिलेवर नाही.

त्या लोहाराच्या आजच्या वंशजांविषयी मला लिहावयाचे आहे. मी वंशज म्हणतो तो जातीने नव्हे, कसबाने. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत आज तीनचाकी गाड्या बनतात, पोलादाची घडाई होते, सांधा नसलेल्या नळ्या तयार होतात, आणि या वस्तू बाहेर पडताना पाहणाऱ्यास वाटते की यंत्रे त्या बनवितात. वस्तुतः यंत्र दाब देते, वेग देते; वस्तूला आकार देते ती यंत्रात बसवलेली डाय, तो पंच, ते जिग, ते फिक्सचर, आणि ही सर्व हत्यारे जेथे घडतात, झिजली की दुरुस्त होतात व फुटली की का फुटली याचा जेथे शोध लागतो, त्या जागेस टूलरूम म्हणतात. तेथे मी एकतीस वर्षे काढली. हुद्द्याच्या कागदावर माझे नाव टूलिंग टेक्निशियन असे होते; पोरे मला मास्तर म्हणत, आणि तो हुद्दा मला अधिक प्रिय होता.

या कामाचे स्वरूप बाहेरच्या वाचकास थोडे जवळून दाखविले पाहिजे, कारण पुढील सारे म्हणणे त्यावरच उभे आहे. घडाईच्या डायमध्ये सुमारे १२०० अंशांपर्यंत तापवलेले पोलाद दाबले जाते, आणि ते निवताना आकसते. म्हणून डाय कोरणारा ती मापापेक्षा साधारण दीड टक्क्याने मोठी कोरतो, १०० मिलीमीटरच्या जागी १०१.५. पूर्वी या कामासाठी जी वेगळी पट्टी वापरीत, तिच्यावरील मिलीमीटर बाजारातल्या पट्टीवरील मिलीमीटरपेक्षा किंचित लांब असे. पत्र्याला भोक पाडणाऱ्या हत्यारात याहून सूक्ष्म हिशेब असतो. तेथे पंच आणि डाय यांच्यामध्ये दर बाजूस पत्र्याच्या जाडीच्या सुमारे पाच टक्के मोकळीक, म्हणजे क्लिअरन्स, ठेवावा लागतो; दोन मिलीमीटर पत्र्याला एक दशांश मिलीमीटर, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीइतका. तो एका बाजूस कमी आणि दुसऱ्या बाजूस जास्त झाला, की जास्तीच्या बाजूला भोकाच्या कडेस बर, म्हणजे उचललेली धारदार कड, येते, ती बोट कापते, पुढे जोडणीत अडते, आणि शेवटी संपूर्ण खेप नाकारली जाते. पंच मध्यावर बसला आहे की नाही हे पाहण्यासाठी आमच्या फोरमनांनी आम्हांला पहिली जी युक्ती शिकवली, ती वहीच्या कागदाच्या पट्ट्या चारी बाजूंनी सरकवून पाहण्याची होती.

आणि ते निळे! डायचे दोन अर्ध एकमेकांवर सर्वत्र सारखे टेकतात का, हे पाहण्यासाठी एका अर्धावर निळ्या रंगाचा अत्यंत पातळ हात फिरवायचा, दुसरा अर्ध त्यावर अलगद उतरवायचा, पुन्हा उचलायचा, आणि जेथे जेथे निळा डाग उमटला असेल तेवढीच उंची तेलदगडाने घासून काढायची. मग पुन्हा रंग, पुन्हा दाब, पुन्हा घासणे. सकाळी आठ डाग असतात, दुपारी त्यांचे तीस होतात, आणि ते वाढले याचा आनंद मानायचा असतो, कारण डाग जितके अधिक व जितके लहान, तितके दोन्ही पृष्ठभाग परस्परांशी एकरूप झालेले असतात. या कामात घाई केली, म्हणजे एका जागी दगड दोनदा अधिक फिरला, तर दोन दिवसांचे श्रम वाया जातात, कारण काढलेले पोलाद परत लावता येत नाही. शतांश मिलीमीटरची पायरी या कामात मुरलेल्या माणसाच्या नखाला कळते. ते नख ज्ञानेंद्रिय व्हावयास मला सहा वर्षे लागली, आणि माझ्याबरोबर शिकणाऱ्यांत मी मंद गणला जात नव्हतो.

मापाचेच आणखी एक सांगतो, कारण ते आमच्या मुलुखाच्या उन्हाशी निगडित आहे. जगभर लांबीचे प्रमाणमाप २० अंश सेल्सियसला धरतात. पोलादाची एक मीटर लांबी दर अंशामागे सुमारे साडेअकरा मायक्रॉनने वाढते. तेव्हा एप्रिलच्या दुपारी, पारा ४० अंशांवर असताना, १०० मिलीमीटरचा ठोकळा आपोआप २३ मायक्रॉनने मोठा झालेला असतो, आणि टूलरूमच्या कामात इतक्या फरकाने जोड अडतो किंवा सैल बसतो. म्हणून चांगल्या कारखान्यात मोजणीच्या खोलीला वातानुकूलन असते आणि भट्टीवरून आलेला ठोकळा लगेच मोजायचा नसतो, तो रात्रभर तेथे विसावू द्यायचा असतो. पोलादालाही विसाव्याची मुदत देणारे आम्ही लोक, माणसाला ती देत नाही, हे माझ्या तक्रारीचे मूळ आहे.

पुणे जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासात एक प्रकरण असे आहे, की ते प्रत्येक कारखानदाराने डोळ्यांसमोर ठेवावे. टेल्को या वाहनकंपनीचे धुरीण सुमंत मूळगावकर यांच्या दूरदृष्टीने तिचा पुण्याचा प्रकल्प १९६६ साली सुरू झाला, तेव्हा त्याचा पाया मोटारगाड्यांच्या जोडणीने घातला गेला नाही. यंत्रे आणि हत्यारे स्वतः घडविण्याचा विभाग आणि ती घडवणाऱ्या तरुणांचे प्रशिक्षण यांना तेथे अग्रमान मिळाला, आणि त्या आवारातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ साली. मध्ये अकरा वर्षे गेली. भांडवलाला व्याज लागते हे मूळगावकरांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? परंतु ज्या देशाला दुसऱ्याच्या डाय विकत आणून माल काढावा लागतो, तो देश दुसऱ्याच्या शिळ्या आराखड्यांवरच जगतो, आणि हत्यार घडवणारा हात विकत मिळत नाही, तो पिकावा लागतो, हे त्यांनी जाणले होते. पिंपरी, चिंचवड, भोसरी या पट्ट्यात पुढे जी शेकडो लहान वर्कशॉपे उभी राहिली, त्यांपैकी कित्येकांचे चालक अशाच मोठ्या टूलरूममध्ये कानस धरावयास शिकलेले होते. आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगरची कथाही याच जातीची आहे: उसाच्या गाळपासाठी वसलेल्या वसाहतीत यंत्रे घडवण्याची विद्या रुजली, तेथून साखर कारखान्यांची यंत्रसामग्री देशभर गेली, आणि इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटरांची पोलादी आवरणेही त्याच माळावर तयार झाली.

आता त्या अकरा वर्षांच्या शेजारी आजचे अकरा महिने ठेवून पाहा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षभरात २४० दिवस काम केलेल्याची सेवा अखंड मानली, या तरतुदीचा हेतू कामगारास आधार देण्याचा होता. व्यवहारात मात्र तो आधार टाळून माणसाला घरी बसविण्याचा शिरस्ता पडला, कोठे त्या आकड्याच्या अलीकडेच सात महिन्यांनी ‘ब्रेक’, कोठे ठेकेदारामार्फत अकरा महिन्यांचा करार, आणि मग नवे नाव, नवा हजेरीपट, नवे ओळखपत्र. ज्या कामाला चार दिवसांत हात बसतो, तेथेही हा शिरस्ता अन्यायाचाच आहे; टूलरूममध्ये तो अन्याय तर आहेच, शिवाय तो उघड उघड आत्मघात आहे.

माझ्या हाताखाली शेजारच्या वाडीचा एक मुलगा आला होता. कारखान्याचे नाव येथे प्रयोजनाचे नाही. आयटीआयची दोन वर्षे त्याने नीट केली होती, परंतु त्याची खरी देणगी कानात होती. एके दिवशी तो ग्राइंडिंग करीत असताना थांबला आणि म्हणाला, “मास्तर, तीन नंबरच्या प्रेसचा आवाज बदललाय.” मला बदल जाणवला नव्हता. आम्ही प्रेस थांबवून डाय उघडली, तर पंचाच्या कडेला केसाएवढी भेग गेलेली होती. आणखी काही शे ठोक्यांत तो तुटला असता, तुकडा डायमध्ये गेला असता, आणि महिन्याभराचे काम भंगारात गेले असते. त्या मुलाला मी स्पॉटिंगला, म्हणजे निळे डाग पाहून घासण्याच्या कामाला, बसवू लागलो होतो. त्याच्या बोटांना निळा रंग नुकता लागू लागला होता, इतक्यात अकरा महिने भरले. मी वरपर्यंत गेलो, विनंती केली, लेखी दिले; उत्तर सौम्य होते, धोरण असे आहे. शनिवारी त्याने आपला तेलदगड फडक्यात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला, कारण तो कारखान्याचा होता, आणि वाकून नमस्कार करून गेला. त्यानंतरची दोन वर्षे तो दुधाचा टेंपो चालवीत होता.

कारखानदारांची बाजू मी एकतीस वर्षे आतून पाहिली आहे आणि ती सर्वस्वी खोटी नाही. मागणी कधी भरास येते, कधी ओसरते. गाड्यांचा खप घटला की पहिला फटका त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान उद्योजकाला बसतो, आणि बाराही महिने पगार देण्याची ऐपत त्याच्याजवळ नसते. दुसरे म्हणणे असे, की आता संगणकावर आराखडा होतो, सीएनसी यंत्र डाय कोरते, वायरकट धाग्यासारखे पोलाद कापते. मग त्या जुन्या नखाचे काम उरले कोठे? या यंत्रांविषयी मला आदर आहे, त्यांनी आमच्या पाठीचे कष्ट वाचवले. परंतु यंत्र आराखड्याबरहुकूम कापते. नवी डाय प्रेसवर चढवून पहिले दहा नग काढल्यावर पत्रा एका कोपऱ्यात का फाटला, दुसऱ्या कोपऱ्यात सुरकुती का पडली, त्रिज्या वाढवावी की दाब उतरवावा, की मुळात पत्र्याचीच खेप वेगळी आली आहे, हा निवाडा अद्याप माणूस करतो, आणि तो त्याने आधी बिघडवलेल्या शंभर डायच्या स्मरणावर करतो. ते स्मरण साठण्याआधीच त्याला बरखास्त केले, तर पुढचा मनुष्य पुन्हा पहिल्या डायपासून बिघडवू लागतो. त्याचा खर्च हिशेबात ‘भंगार’ या सदराखाली पडतो, म्हणून तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

दोष आमच्या गावांकडेही आहे, आणि तो सांगताना मला क्लेश होतात. आमचा हा पट्टा जिरायती, पावसाच्या भरवशाचा. शेती पुरत नाही म्हणून मुलाला शिकवायचे हे ठरलेले, परंतु शिकवायचे म्हणजे पदवी, मग ती कोणत्याही विषयाची व कशीही मिळालेली असो. आयटीआयला घातला असे सांगताना बापाचा आवाज उतरतो. सोयरिकीच्या बैठकीत मुलगा टूलरूमला आहे म्हटले की पुढचा प्रश्न येतो, “पण पर्मनंट आहे का?” आणि मुलीच्या बापाने तो का विचारू नये? हातातल्या विद्येची किंमत कारखान्यानेच अकरा महिने ठरवली असेल, तर गावाने ती अधिक कशी धरावी?

माझे मागणे अवास्तव नाही. टूलरूममधील काम हे हंगामी काम नव्हे, असे कारखानदारांच्या संघटनांनी आपण होऊन मान्य करावे, आणि तेथे घेतलेल्या उमेदवाराला निदान चार वर्षे त्याच बाकावर, त्याच मास्तराच्या नजरेखाली राहू द्यावे. एकट्या लहान उद्योजकाला हे झेपत नसेल तर पाचदहा जणांनी मिळून वसाहतीत एक सामाईक टूलरूम चालवावी. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूलरूम आहे, तेथे उद्योगांना लागणारी हत्यारेही घडतात आणि मुलेही घडतात, तिच्या धर्तीवर बारामतीत लहानसे काही उभे राहणे अशक्य का असावे? निवृत्त होऊन गावोगाव बसलेले माझ्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांना मानधनाची फार अपेक्षा नाही; आपल्या बोटांत जे आहे ते आपल्याबरोबर सरणावर जाऊ नये, एवढीच त्यांची तळमळ आहे.

त्या मुलाने अलीकडे टेंपो विकून मोरगाव रस्त्याला वेल्डिंगचे दुकान घातले आहे. तेथे ट्रॉल्या, फाटके, शेतीची अवजारे होतात. गेल्या रविवारी तो माझ्याकडे आला आणि मला मोटरसायकलवर बसवून घेऊन गेला. जुन्या बाजारातून आणलेल्या एका हातप्रेसवर त्याने स्वतः कानशीने घडवलेला सहा मिलीमीटरचा पंच चढवला होता, दोन मिलीमीटरच्या पट्टीत भोके पाडण्यासाठी. पहिले भोक पाडून त्याने पट्टी माझ्या हातात दिली. मी कडेवरून नख फिरवले. उजव्या अंगाला बर होती. मी काही बोललो नाही, पट्टी त्याला परत दिली. त्यानेही नख फिरवले, तेथेच थांबला, मग पंचाचा बोल्ट सैल केला आणि दुकानातल्या पोराला हाक मारून म्हणाला, “अरे, उधारीच्या वहीतला एक कोरा कागद फाडून आण.”