बंद घरातील पाणी

पावसाळ्याच्या तोंडावर कोकणातील घराला कुलूप लावून मुंबई-पुण्यास परतणारी कुटुंबे आपल्या वाचकांतही असतील. दापोली तालुक्यातील बुरोंडीसारख्या किनाऱ्यावरील गावी असे घर दिवाळीपर्यंत बंद राहते. कौले, खिडक्या, वीज यांची तजवीज आपण नेमाने करतो. पाण्याची मात्र नळ पिळून बंद केले की संपली, असे मानतो.

अमेरिका व कॅनडात फिरत्या घरासारखी मोटारगाडी हिवाळ्यासाठी उभी करताना टाकी, गिझर, नळ्या पूर्ण रिकाम्या करतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि नळी फोडते. उरल्यासुरल्या पाण्यासाठी प्रोपिलीन ग्लायकॉलचे द्रावण नळ्यांत भरतात. बुरोंडीत पाणी गोठण्याचा प्रश्नच नाही. येथे भीती डासांची आणि वाऱ्याची. आणि या दोहोंचे उपाय परस्परविरुद्ध आहेत.

डासांचा विचार केला तर टाकी रिकामी हवी. परंतु १,००० लिटरची भरलेली टाकी एक टन वजनाची असते, आणि रिकामी झाली की दोन माणसे ती सहज उचलतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडात छपरांची काय गत केली ते सर्वांना स्मरत असेल. म्हणून माझे मत असे, की टाकी धुऊन, पुन्हा भरून ठेवावी, झाकण घट्ट बांधावे आणि हवेच्या व ओसंडीच्या नळीच्या तोंडावर बारीक जाळी बसवावी. डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटून कोरडी असताना कित्येक महिने तग धरतात. त्यामुळे नुसते पाणी बदलणे पुरत नाही, आतील बाजू घासावी लागते. पुढे औषध फवारण्यापेक्षा उत्पत्तीच होऊ न देणे आपल्या घरांना अधिक मानवेल.

टाकीखालील मुख्य व्हॉल्व्ह बंद करून घरातील सर्व नळ उघडावे व नळ्या निथळू द्याव्या. व्हॉल्व्ह गळका निघाला तर महिनोन्महिने पाणी वाहत राहील, म्हणून नळ निथळल्यावर पुन्हा बंद करावे. पंपाचा व गिझरचा मुख्य स्विच बंद ठेवावा. मोरीच्या जाळीखालील वळणात पाणी असते, तेच दुर्गंधी व झुरळे अडविते. ते हळूहळू आटते. त्यावर चमचाभर गोडेतेल सोडल्यास आटणे मंदावते.

बँकेतील सवयीने एक गोष्ट सांगतो. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या भारत गृह रक्षा या प्रमाणित पॉलिसीत पाण्याच्या टाक्या व नळ फुटून होणाऱ्या नुकसानीला संरक्षण आहे. परंतु घर सलग बंद राहिल्यास काय, याविषयीचे कलम आपल्या पॉलिसीत स्वतः वाचावे. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

परतल्यावर घाई नको. साठवणीच्या गिझरमधून गरम पाणी वरच्या भागातून बाहेर येते. म्हणून गरम पाण्याचा नळ अखंड धार सोडू लागला, की गिझर भरला असे समजावे व मगच स्विच लावावा. रिकाम्या गिझरचे कॉइल जळते. फिल्टरची कांडी बदलावी. टाकीतील जुने पाणी पिण्यास घेऊ नये, ते माडाच्या आळ्यात सोडावे.